वासराची हगवण: जंतू आतड्याला धरतो कशाने, आणि ती पकड चुकवायची कशी

दारव्ह्याकडच्या एका पशुपालकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोठ्यात संकरित गाई. या पावसाळ्यात दोन वासरं तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळट, पाण्यासारखी हगवण लागून गेली. डॉक्टरांनी 'ई. कोलाय, के-९९' असं नाव सांगितलं. "ई. कोलाय तर सगळ्यांच्याच पोटात असतो म्हणतात. मग गाईला काही होत नाही, महिनाभराच्या वासराला होत नाही, तीन दिवसांच्यालाच का मारतो? आतड्याला चिकटतो म्हणजे नेमका कशानं? आणि घरात दीड वर्षाचं लेकरू आहे, त्याला बाधेल का?"

भाऊ, प्रश्न तीन दिसत असले तरी त्यांचं मूळ एकच आहे. हा जंतू विषारी आहे म्हणून मारतो हे अर्धंच खरं. तो आधी आतड्याच्या पेशीला धरतो आणि मग विष सोडतो. धरायला जमलं नाही तर तोच जंतू शेणासोबत निघून जातो. म्हणून उपायाचा जोरही 'जंतू मारा' यापेक्षा 'धरू देऊ नका' यावर हवा.

पण त्याआधी एक अट. तुमच्या वासरांना के-९९ च होता का, हे नमुना तपासल्याशिवाय छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनी बहुधा वयावरून अंदाज बांधला असेल, आणि तो अंदाज वाजवी आहे. पहिल्या चार दिवसांत ताप नाही, रक्त नाही, नुसती पाण्याची धार, आणि काही तासांत डोळे खोल गेले, तर संशय के-९९ वरच जातो. पाचव्या दिवसापासून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत रोटाव्हायरस, गुरांचा कोरोनाव्हायरस (कोविडचा नव्हे) आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी यांचा जोर असतो. ताप आणि शेणात रक्त किंवा पापुद्रे दिसले तर साल्मोनेला. तीन आठवड्यांनंतर रक्त पडत असेल तर कॉक्सिडिया, हाही एकपेशीय परजीवीच. म्हशीचं वगार असेल, पोट डेरेदार आणि केस राठ झाले असतील, तर आधी जंताकडे बघा. टोक्सोकाराच्या अळ्या म्हशीच्या दुधातूनच पिलाच्या पोटात जातात. आणि हे सगळे एकेकटेच येतात असंही नाही. रोटाव्हायरस सोबत असला तर के-९९ चार दिवसांनंतरही त्रास देतो.

आता पकडीकडे येऊ. लहान आतड्यातून चीक आणि दूध सारखं पुढे ढकललं जात असतं. जंतूची लांबी जेमतेम दोन मायक्रोमीटर. नुसता तरंगत राहिला तर तो त्या लोंढ्यासोबत जाणारच. त्यात जंतूच्या आणि पेशीच्या, दोन्हींच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे जवळ आले की ते एकमेकांना लोटतात. या अडचणीवर जंतूचा उपाय म्हणजे अंगभर उगवलेले शेकडो बारीक तंतू. प्रयोगशाळेत त्यांना पिलाय किंवा फिंब्री म्हणतात. के-९९ हे अशाच एका तंतूचं नाव आहे. आता त्याला एफ-५ असंही लिहितात. जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातला एक. असा तंतू लांबूनच पेशीपर्यंत पोचतो. एकेका तंतूची पकड तशी कमजोर असते, पण शेकडो तंतूंनी एकदम धरलं की जंतू हलत नाही.

हे तंतू बनतात कसे, ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा व्यवहार त्यावर आहे. ई. कोलायच्या अंगावर दोन आवरणं असतात, एक आतलं आणि एक बाहेरचं, आणि मधे अरुंद जागा. तंतूचे सुटे भाग जंतूच्या आत तयार होतात. के-९९ मध्ये मुख्य भागाचं नाव फॅन-सी. हे भाग आतलं आवरण ओलांडून मधल्या जागेत येतात, आणि तिथेच पेच पडतो. प्रत्येक भागाची घडी मुळात अपुरी असते. एक पट्टी कमी, त्या जागी उघडी चर. ही चर तशीच राहिली तर भाग एकमेकांना चिकटून गोळा होतात, नाहीतर प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स त्यांचा फडशा पाडतात. म्हणून फॅन-ई नावाचं सांभाळणारं प्रथिन (अशा प्रथिनांना शॅपेरोन म्हणतात) आपलीच एक पट्टी त्या चरीत तात्पुरती घालतं आणि भागाला बाहेरच्या आवरणापाशी नेऊन पोचवतं.

बाहेरच्या आवरणात फॅन-डी हे दार आहे. दारात आल्यावर शॅपेरोनची पट्टी निघते आणि तिच्या जागी मागून येणाऱ्या भागाची शेपटी बसते. मग त्याच्या चरीत त्याच्या मागच्याची शेपटी, असं चालू राहतं. माळच म्हणा, पण दोरा नसलेली, प्रत्येक मण्याची शेपटी पुढच्या मण्यात रुतलेली. टोक आधी बाहेर पडतं आणि तंतू बुडाकडून वाढत जातो. मधल्या जागेत एटीपी, म्हणजे पेशीचं नेहमीचं इंधन, नसतं. तरी काम अडत नाही. शेपटी बसल्यावरची घडी आधीच्या तात्पुरत्या घडीपेक्षा जास्त घट्ट असते, आणि त्या फरकातूनच जोर मिळतो. म्हणून एकदा जुळलेला तंतू सहजी सुटत नाही.

माणसात जुलाब करणाऱ्या ई. कोलायचे तंतूही बहुतेक याच पद्धतीने बनतात. त्यातला सर्वात अभ्यासलेला सीएफए-१. फरक असा की सीएफए-१ मध्ये पेशीला धरायचं काम टोकाच्या एका वेगळ्या प्रथिनाकडे आहे, तर के-९९ मध्ये मुख्य भाग फॅन-सी हाच धरतो. सीएफए-१ चा दांडा पिळाचा असतो. ओढ बसली की पीळ उलगडून तो लांबतो, ओढ गेली की पुन्हा आखडतो. आतड्याच्या हिसक्यात जंतू निसटत नाही तो त्यामुळे.

तंतू बनवणं जंतूला महाग पडतं, म्हणून तो ते वाटेल तेव्हा करत नाही. के-९९ चा कारखाना ३७ अंश सेल्सियसला चालतो, १८ अंशाला बंद. थंडीत एच-एनएस नावाचं प्रथिन त्या जनुकांवर बसून त्यांना गप्प ठेवतं. आम्लतेचंही तसंच आहे. पीएच साडेसहाच्या खाली गेला, म्हणजे आम्लता वाढली, की तंतू कमी होतात. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आम्लता सर्वात कमी असते, त्यामुळे पकड आधी तिथे बसते आणि मग वर सरकते. शिवाय ही जनुकं जंतूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून प्लास्मिडवर असतात. प्लास्मिड म्हणजे डीएनएचं एक सुटं कडं. ते एका ई. कोलायकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं आणि गळूनही पडू शकतं. 'ई. कोलाय सगळ्यांच्याच पोटात असतो' हे म्हणूनच खरं असूनही तुमच्या कामाचं नाही. बहुतेक ई. कोलायकडे हे कडं नसतंच.

पकडीशिवाय विष बिनकामाचं ठरतं, हे डुकरांच्या पिलांवर १९७१ मध्ये स्मिथ आणि लिंगूड यांनी दाखवलं. के-८८ या डुकरांतल्या ई. कोलायच्या तंतूचं प्लास्मिड काढून घेतलेला जंतू विष बनवत असूनही आजार घडवेना. ते परत दिल्यावर घडवू लागला. पुढे १९७५ मध्ये असंही दिसलं की काही डुकरांच्या आतड्यावर के-८८ ला धरायला जागाच नसते, आणि ती जन्मतःच या आजारापासून सुटलेली असतात. म्हणजे पकडीला दोन बाजू आहेत, धरणारा तंतू आणि धरून घेणारी जागा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या दुसऱ्या बाजूत आहे. के-९९ ज्या जागेला धरतो ती म्हणजे पेशीच्या आवरणातला एक शर्करायुक्त स्निग्ध पदार्थ. त्याच्या टोकाला एन-ग्लायकोलिल न्यूरामिनिक आम्ल असतं. नवजात वासराच्या लहान आतड्यात हा पदार्थ भरपूर असतो आणि वय वाढेल तसा कमी होत जातो. गाईच्या पोटात तोच जंतू शिरतो, पण त्याला धरायला फारसं काही सापडत नाही. मात्र तिच्या शेणातून तो थोडाथोडा पडत राहतो, आणि एका आजारी वासराच्या हगवणीतून कोट्यवधी. पहिलं वासरू गेल्यावर दुसरं लागलीच लागलं, त्यामागे बहुधा हेच आहे.

लेकराचं उत्तरही इथेच. माणसाच्या शरीरात हे आम्ल बनवणारं जनुक निकामी आहे, त्यामुळे के-९९ ला माणसाच्या आतड्यावर त्याची जागा मिळत नाही. या जंतूची धास्ती नको. पण वासराच्या हगवणीत क्रिप्टोस्पोरिडियम किंवा साल्मोनेला असू शकतो, आणि ते माणसाला सोडत नाहीत. त्यामुळे लेकरू कोठ्यापासून लांब, आणि वासराचं करून आल्यावर हात साबणाने. लेकरांना जुलाब करणारे ई. कोलाय वेगळे, त्यांच्या तऱ्हाही वेगळ्या. ईपीईसी नावाचा प्रकार आधी दोरखंडासारख्या जुडग्यांच्या तंतूंनी जमा होतो. हे तंतू मात्र एटीपी खर्चून बनतात आणि आत ओढताही येतात. मग तो सुईसारख्या नळीतून टिर नावाचं प्रथिन पेशीत टोचतो, ते पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसतं, आणि जंतू आपल्या इंटिमिनने त्यालाच धरतो. धरायची जागा स्वतःच पुरवणारा असा इरसाल जंतू क्वचितच. लेकराला जुलाब लागलेच तर ओआरएस आणि झिंक, आणि आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवणं.

वासराकडे परत. पकड बसली की जंतू पेशीला लागूनच एसटीए नावाचं विष सोडतो. पेशीतून क्लोराइड आणि पाठोपाठ पाणी आतड्यात झरू लागतं. पेशी मरत नाही, आतडं सोलत नाही, म्हणून रक्त नसतं. वासरू मरतं ते पाणी, क्षार गेल्याने आणि रक्त आम्लधर्मी झाल्याने. ३० किलोच्या वासराचं ८ टक्के पाणी गेलं तर २.४ लिटरची तूट, आणि गळती चालूच. सुदैवाने सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत ओढून घेणारी वाट या आजारात शाबूत असते. म्हणून तोंडाने दिलेलं क्षारपाणी चालतं.

इथे गावोगाव एक चूक होते. माणसाच्या सवयीने वासराला मीठ-साखरेचं नाहीतर गुळाचं पाणी पाजलं जातं. नवजात वासराच्या आतड्यात साखर फोडणारं सुक्रेज नसतंच. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि हगवण वाढते. भाताची पेजही या वयात नीट पचत नाही. ग्लुकोज असलेलंच द्रावण हवं. वासरांसाठीची पावडर मिळाली तर उत्तम. रात्री-बेरात्री नाही मिळाली तर डब्ल्यूएचओ सूत्राचं माणसाचं ओआरएस, एका लिटरचं पाकीट एका लिटरमध्येच. त्यात सोडियम वासराच्या गरजेपेक्षा थोडं कमी पडतं, पण वेळ निभते. कोमट करून दीड-दोन लिटर, दिवसातून दोन-तीनदा. दूध बंद करू नका, थोडं थोडं पाजा. फक्त क्षारपाण्यात मिसळू नका, मधे दोन-तीन तास जाऊ द्या.

बोट तोंडात घातल्यावर वासरू चोखत नसेल, तोंड गार लागत असेल, उभं राहत नसेल, तर बांबूची नाळ किंवा बाटली तोंडात ओतायची नाही. पाणी फुप्फुसात जातं. त्याला शिरेतून सलाइनच लागतं, तेही डॉक्टरांच्या हातून आणि तासाभरात. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत सपाट झाली नाही तर पाणी कमी पडलंय असं समजा.

अँटिबायोटिकबद्दल माझं मत सांगतो. ते कधी द्यायचं हे डॉक्टर ठरवतील, आणि अंगात संसर्ग पसरल्याची लक्षणं असतील तर द्यावंच लागतं. पण ते गेलेलं पाणी भरून देत नाही. सुई टोचून झाली म्हणून पाणी पाजणं सुटलेली वासरं हटकून दगावतात. आणि माणसाच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या तर देऊच नका. आतड्याची हालचाल हीच जंतू ढकलून काढायची वासराची सोय आहे, आणि त्या गोळ्या नेमकी तीच थांबवतात.

खरा इलाज त्याआधीचा, म्हणजे चीक. गाईला के-९९ ची लस मिळाली असेल, किंवा आधी त्याच्याशी गाठ पडली असेल, तर चिकातले अँटिबॉडी तंतूवर जाऊन बसतात. तंतू झाकला गेला की पकड नाही. वासराच्या रक्तात जन्मतः अँटिबॉडी जवळपास नसतात. ते चिकातून आतड्यावाटे रक्तात शिरतात, आणि ही वाट सहा तासांनंतर झपाट्याने आखडत चोवीस तासांत बंद होते. हिशेब वजनाच्या दहा टक्क्यांचा. ३० किलोच्या संकरित वासराला ३ लिटर, २० किलोच्या गवळाऊ वासराला २ लिटर. निम्मा पहिल्या दोन तासांत, उरलेला बारा तासांच्या आत. 'प्यायलं असेल' यावर विसंबू नका. सड लोंबते असतील किंवा वासरू दमलेलं असेल तर ते धडपडत राहतं आणि पोटात घोटभरही जात नाही. काढून, मोजून, बाटलीने पाजा.

जार पडल्याशिवाय चीक द्यायचा नाही, ही आपल्याकडची पक्की समजूत. जार पडायला बारा तास लागू शकतात, आणि तोवर वासराची वाट बरीचशी मिटलेली असते. उलट वासरू सडाला लागलं की गाईच्या अंगात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, त्याने जार पडायला मदतच होते. खरवसाचं म्हणाल तर पहिल्या दोन वेळचा चीक वासराचा, घरच्यांनी नंतरचा घ्यावा. तापवल्यावर खरवस घट्ट धरतो तो बऱ्याच अंशी याच प्रथिनांमुळे, आणि एकदा आळलेली ती प्रथिनं वासराच्या कामाची राहत नाहीत. म्हणूनच साठवलेला चीक उकळायचा नसतो. जास्तीचा चीक लिटर-लिटरच्या पिशव्यांत गोठवून ठेवा आणि वापरताना पन्नास अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात पिशवी बुडवून वितळवा. चोवीस तासांनंतरही तीन-चार दिवस रोज थोडा चीक पाजत राहिलं तर फायदा आहे. तो रक्तात जात नाही, पण आतड्याच्या पोकळीत जंतूंचे तंतू झाकत राहतो, आणि के-९९ चा धोकाही तेवढेच दिवस असतो.

लस द्यायची ती गाभण गाईला, वासराला नाही. वासराला स्वतःचे अँटिबॉडी बनवायला जितके दिवस लागतात, त्याच्या आतच हा आजार होऊन गेलेला असतो. चिकात अँटिबॉडी साठतात ते विण्याआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांत, म्हणून लस त्या आधी पडायला हवी. नेमकं अंतर आणि पहिल्या वर्षी किती मात्रा, हे लसीप्रमाणे बदलतं. लेबल बघून डॉक्टरांशी ठरवा, आणि लसीत के-९९ आहे ना हेही विचारा. तुमच्या तालुक्यात ती मिळेलच असं नाही. नाही मिळाली तरी चिकाची वेळ पाळण्याने मोठा फरक पडतो. उलट लस देऊन चीक उशिरा पाजला तर लसीचे पैसे वाया.

कोठ्याचं थोडक्यात. काळ्या मातीची जमीन पावसाळ्यात मूत धरून ठेवते. विणारी गाय मुरूम टाकलेल्या, कोरड्या कुटाराच्या वेगळ्या जागेत बांधा, पाजण्याआधी सड धुऊन पुसा. आधी निरोगी, लहान वासरांचं करा, आजारी शेवटी. त्याची बाटली वेगळी.

आता पुढच्या वेळेसाठी नमुन्याचं. हगवण लागल्या-लागल्या, अँटिबायोटिकच्या आधी, हातमोजा घालून गुदद्वारातून दहा-एक ग्रॅम शेण स्वच्छ झाकणाच्या डबीत घ्या. बर्फासोबत, त्याच दिवशी पोचवा. मेलेल्या वासराचं आतडं उन्हात काही तासांतच सोलून निघतं, त्यावर चिकटलेले जंतू दाखवणं अवघड. जवळची मोठी ठिकाणं म्हणजे अकोल्याची पशुवैद्यक पदव्युत्तर संस्था आणि नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय. जाण्याआधी डॉक्टरांकरवी फोन करून 'के-९९ ची तपासणी होते का' हे विचारून घ्या, आणि अर्जावर वासराचं वय दिवसांत नव्हे, तासांत लिहा.

'ई. कोलाय आढळला' एवढाच रिपोर्ट आला तर त्यावरून काही ठरवू नका. तो निरोगी वासरातही आढळेल. तंतूची वेगळी तपासणी लागते, पीसीआरने, लॅटेक्सने (अँटिबॉडी लावलेले बारीक कण गोळा होतात का ते बघून) किंवा तयार पट्टीने. जंतू वाढवून बघणार असतील तर माध्यमही महत्त्वाचं. ग्लुकोज किंवा अलानिन भरपूर असलेल्या माध्यमावर के-९९ तंतू दबतात, म्हणून त्यासाठी मिन्का नावाचं माध्यम वापरतात, ३७ अंशांवर. मग मॅनोज साखर घातलेल्या घोड्याच्या किंवा मेंढीच्या रक्तपेशींशी काचपट्टीवर मिसळून बघतात. साध्या ई. कोलायचे टाइप-१ तंतू मॅनोजने अडतात, के-९९ अडत नाही, आणि रक्तपेशींचे कण एकत्र येताना डोळ्याला दिसतात. पट्टीचा निकाल 'नाही' आला, पण नमुना हगवणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, औषध झाल्यावर घेतलेला असेल, तर तो 'नाही' पक्का धरू नका. पुढचं वासरू लागलं तर पहिल्या तासातला नमुना पुन्हा पाठवा.